विमानाचं प्रायश्चित्त आणि आमच्या आप्पांच्या पवनचक्क्या

परवा एका मीटिंगचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन भरत बसले होते. जिनिव्हा, जून महिना, तीन दिवस. पासपोर्ट नंबर झाला, व्हेज-नॉनव्हेज झालं (व्हेज म्हटलं की तीन दिवस चीज सँडविच, हे आता पाठ झालंय), व्हिसासाठी पत्र हवंय का तर हो हवंय, आणि सगळ्यात शेवटी तो नेहमीचा चौकोन आला. माझ्या विमानप्रवासाचं कार्बन उत्सर्जन मला ऑफसेट करायचं आहे, टिक करा. एकेकाळी मी हा चौकोन देवळातल्या घंटेसारखा वाजवायचे, म्हणजे आत शिरताना हात आपोआप वर जातोच ना, तसं. आता नाही करत. का नाही करत हे दोन-तीन जणांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी अर्धवट सांगून विषय बदलला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी थोडं माझ्याबद्दल, नवीन वाचणाऱ्यांसाठी. मी पुण्यात एका छोट्या संस्थेत काम करते, विषय पाणी. गावातल्या विहिरी, बोअर, त्यातलं फ्लोराइड, नायट्रेट, कोणी तपासायचं, कसं तपासायचं, तपासल्यावर पुढे काय. आता हे काम म्हणजे एसटी आणि बोलेरो. पण पाणी तपासायची मानकं, गाइडलाइन्स, फंडिंग हे सगळं ठरतं जिनिव्हाला नाहीतर नैरोबीला नाहीतर बँकॉकला, आणि ऑगस्ट आला की स्टॉकहोमला वर्ल्ड वॉटर वीक असतो. २०१९ साली मी पाच वेळा परदेशात गेले. पाच. तेव्हा फार भारी वाटायचं, बोर्डिंग पासांचे फोटो वगैरे टाकायचे मी, खोटं कशाला बोला.

तर ऑफसेट म्हणजे काय, अगदी थोडक्यात. तुमच्या विमानाने एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, तो काही परत बाटलीत भरता येत नाही. मग तुम्ही पैसे देता आणि जगात दुसरीकडे कुठेतरी कोणीतरी तेवढाच एक टन कमी सोडतं, किंवा झाडं लावून तेवढा शोषून घेतं. त्या एका टनाचा कागद म्हणजे एक कार्बन क्रेडिट. तुम्ही तो कागद विकत घेतला की तुमची पाटी कोरी. कल्पना वाईट नाहीये हं. हवेला काय, तो टन पुण्याचा का पेरूचा कळत नाही.

हा टन दिसतो कसा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं, मग एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. मुंबई ते जिनिव्हा, दुबईमार्गे, जाऊन-येऊन ढोबळ चौदा हजार किलोमीटर. भरलेलं मोठं विमान माणशी शंभर किलोमीटरला साधारण तीन लिटर इंधन पितं असं धरलं तर एकटीच्या वाट्याला चारशे वीस लिटर. विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे झाले ३३५ किलोच्या आसपास, आणि एक किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. (एका किलोचे तीन किलो कसे, हे मला पण आधी विचित्र वाटलेलं, पण त्यात हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो ना, त्याचं वजन.) एकूण एक टनाच्या थोडं वर. आता हेच घरच्या भाषेत. आमच्याकडे महिन्याला एक गॅस सिलिंडर लागतो, १४.२ किलोचा, तो पूर्ण जळला की बेचाळीस-त्रेचाळीस किलो. म्हणजे तीन दिवसांची एक मीटिंग बरोबर दोन वर्षांचा स्वयंपाक. पोळ्या, भाजी, दिवाळीचा फराळ, पाहुणेरावळे सगळं धरून दोन वर्षं. आणि भारतातला सरासरी माणूस सगळं मिळून वर्षाला दोन टनांच्या आसपास सोडतो, त्यातला अर्धा कोटा मी तीन दिवसांत चीज सँडविच खात संपवला. बिझनेस क्लासवाल्यांचं तर विचारूच नका, लांबच्या प्रवासात त्यांची सीट एवढी जागा अडवते की तिप्पट धरतात.

हे माहीत असल्यामुळेच मी टिक करायचे. आणि स्वस्त होतं हो! २०२२ च्या शेवटी कोविडनंतरच्या पहिल्या मोठ्या मीटिंगला गेले तेव्हा माझ्या दोन टनांचे (त्यांच्या कॅल्क्युलेटरने दोन काढले, त्यावर पुढे बोलते) साडेतीनशे रुपयांच्या आसपास झाले. एअरपोर्टवर चहा आणि सँडविच घेतलं तर याच्या पुढे जातं. दोन टन, साडेतीनशे रुपये. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती पण नाही वाजली, कारण दुसरी वाजवून झाली होती ना.

मग मेलवर सर्टिफिकेट आलं. छान हिरवं पीडीएफ, पानाफुलांची बॉर्डर, माझं नाव. सहसा मी असलं उघडून बघत नाही, पण त्या दिवशी गाडी लेट होती म्हणून स्टेशनवर बसून वाचलं. खाली बारीक अक्षरात प्रकल्पाची माहिती: पवनऊर्जा, महाराष्ट्र, सातारा जिल्हा. आणि त्याच्यापुढे वर्ष, २०१३.

मी साताऱ्याची. सज्जनगडाच्या पुढे ठोसेघर, त्याच्या पुढे चाळकेवाडीचं पठार, त्याच्या अलीकडे आमचं गाव. मला एवढा आनंद झाला की विचारू नका, म्हटलं बघा, जिनिव्हाला जाऊन मी माझ्याच गावाला पैसे पाठवले! फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पुढच्या महिन्यात गावी गेले तेव्हा आप्पांना (माझे थोरले चुलते, वय पंच्याहत्तर, पठारावर गुरं राखण्यात निम्मं आयुष्य गेलं) मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"ह्या चक्क्या? आगं तू बारावीला व्हतीस तवाच आल्यात की ह्या."

म्हटलं हो आप्पा, पण मी पैसे भरले ना, त्यामुळे विमानाचा धूर भरून निघाला.

"तू पैसं भरायच्या आधी ह्या फिरत नव्हत्या व्हय?"

फिरत होत्या.

"आन् तू भरलं नसतंस तर थांबल्या असत्या?"

नाही.

आप्पा जरा वेळ गप्प बसले. तंबाखू मळली. मग म्हणाले, "म्हंजी समज, आपल्या गावात एक बेवडा हाय. त्येला दारू प्यायचीय पन पाप नको. त्यो म्हनतो मी पितो, माज्या बदली दुसऱ्या कुनीतरी सोडावी, त्येला मी पैसं देतो. तर त्यो पैसं कुनाला देतो? माळकऱ्याला! माळकरी जलमात प्याला न्हाई. त्येनं पैसं घेतलं, माळंला हात लावून सांगितलं आज बी प्यालो न्हाई, आन् ह्यो इकडं खुशाल पितोय."

तेव्हा मी हसले. नंतर घरी येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं की या विषयातल्या तज्ज्ञ लोकांनी वीस वर्षं ज्याच्यावर डोकं फोडलंय तो अख्खा प्रश्न आप्पांनी एका चिमटीत सांगितला होता. त्याला म्हणतात ॲडिशनॅलिटी. म्हणजे तुमचे पैसे आले नसते तर हे काम झालंच नसतं, असं दाखवता यायला हवं. ते झालंच असतं तर तुमचा कागद म्हणजे माळकऱ्याची पावती.

आमच्या पठाराचंच बघा. चाळकेवाडी, वनकुसवडे या भागात पवनचक्क्या आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला. का आल्या? वारा चांगला हे तर आहेच, जुलैमध्ये त्या पठारावर छत्री उघडायची कोणाची हिंमत नाही. पण खरं कारण टॅक्स. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता यायचा (म्हणजे सगळी किंमत खर्च म्हणून दाखवून तेवढ्या कमाईवरचा टॅक्स वाचवायचा), नंतर तो ऐंशी टक्क्यांवर आला, शिवाय राज्य सरकारची विक्रीकरात सवलत. ज्यांचा विजेशी काही संबंध नव्हता अशा धंद्यातल्या लोकांनीसुद्धा पठारावर एखादी चक्की घेऊन ठेवली होती, लोक फ्लॅट घेऊन ठेवतात तशी. एजंटांच्या जीपा यायच्या, एकरांचे व्यवहार चहाच्या टपरीवर व्हायचे, ज्या कातळावर कुसळी गवताशिवाय काही उगवत नव्हतं त्याला भाव आला. त्या भावाबद्दल गावात आजही दोन मतं आहेत, तो वेगळा विषय. मुद्दा असा की तेव्हा कार्बन क्रेडिट हा शब्द गावात सोडा, त्या चक्क्या घेणाऱ्यांच्या बॅलन्सशीटमध्ये पण नव्हता.

तो शब्द आला क्योटो करारामुळे. करार १९९७ चा, लागू झाला २००५ ला, आणि त्यात क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम नावाची सोय होती: श्रीमंत देशांनी स्वतःचा धूर कमी करायच्या ऐवजी गरीब देशातल्या स्वच्छ प्रकल्पांची क्रेडिटं घ्यायची. भारतात आणि चीनमध्ये त्याची झुंबड उडाली. भारतातल्या पवनऊर्जा प्रकल्पांवर अर्थशास्त्रज्ञांनी नंतर एक अभ्यास केला, क्रेडिट मिळालेले आणि न मिळालेले प्रकल्प शेजारी शेजारी ठेवून, तर निघालं काय की किमान ५२ टक्के क्रेडिटं अशा प्रकल्पांना गेली जे तसेही उभे राहिलेच असते. निम्म्याहून जास्त माळकरी! युरोपियन कमिशनसाठी २०१६ ला एका जर्मन संस्थेने सगळ्या प्रकारचे प्रकल्प तपासले, तिथे तर ८५ टक्के प्रकल्पांबाबत शंका निघाली.

आणि ते २०१३ वर्ष? त्याला व्हिंटेज म्हणतात. म्हणजे ती वीज २०१३ साली तयार झाली, तो टन २०१३ साली वाचला (वाचला असेल तर), त्याचा कागद नऊ वर्षं कोणाच्या तरी खात्यात पडून होता आणि २०२२ ला माझ्या जिनिव्हाच्या विमानाला चिकटवला. दारूसारखंच व्हिंटेज, फक्त जुनं झाल्यावर महाग व्हायच्या ऐवजी स्वस्त होतं. माझे साडेतीनशे रुपये का, ते इथे कळलं.

बरं, हे काही कोणी लपवून ठेवलेलं गुपित नाही. क्रेडिट देणाऱ्या मोठ्या रजिस्ट्र्यांनी मागेच ठरवलं की भारतासारख्या देशात ग्रिडला जोडलेल्या पवनचक्क्या, सोलर यांचे नवीन प्रकल्प घ्यायचे नाहीत, कारण ते आता स्वतःच्या पायावर परवडतात. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये या बाजाराच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या कौन्सिलने सांगून टाकलं की अशा अक्षय ऊर्जेच्या सध्याच्या पद्धतींना आमचा शिक्का मिळणार नाही, म्हणजे बाजारातली जवळजवळ एक तृतीयांश क्रेडिटं एका फटक्यात बाहेर. पण जुना स्टॉक आहे तो आहे. तो संपेपर्यंत कुठल्या ना कुठल्या रजिस्ट्रेशन फॉर्मच्या शेवटच्या पानावर दिसत राहणार.

मग झाडं लावा की, असं माझा नवरा म्हणाला. सगळेच म्हणतात. झाडांचं मला जास्त भावनिक वाटतं म्हणून जास्त भीती वाटते. कोल्डप्ले आठवतोय ना, जानेवारी २०२५ ला नवी मुंबईत आले होते, तिकिटांसाठी अर्धा महाराष्ट्र लॅपटॉपसमोर बसला होता. त्या लोकांनी वीसेक वर्षांपूर्वी आपल्या एका अल्बमच्या कार्बनचा हिशोब भागवायला एका कंपनीमार्फत कर्नाटकात दहा हजार आंब्याची झाडं लावायचं ठरवलं होतं. २००६ साली एका ब्रिटिश पेपरचा वार्ताहर तिथे गेला तर बरीच झाडं वाळून गेलेली, पाणीच नव्हतं. यात बँडची चूक आहे असं मी म्हणत नाही, पण कोरडवाहू जमिनीत आंब्याचं रोप जगवायचं म्हणजे पहिली तीन वर्षं कोणीतरी डोक्यावर हंडा घेऊन उन्हाळ्यात जायला पाहिजे, आणि त्या हंड्याचे पैसे पावतीत धरलेले नसतात. आपल्याकडे २०१९ ला राज्य सरकारने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातली किती जगली यावरून पुढे विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. रोप लावणं हा एक दिवसाचा कार्यक्रम, फोटोसकट. झाड जगवणं हा संसार आहे.

आणि जगलं तरी. मोठं झालेलं झाड वर्षाला ढोबळ वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. माझ्या एका ट्रिपसाठी पन्नास मोठी झाडं वर्षभर, आणि ती आधी मोठी व्हायला पाहिजेत, म्हणजे मी आज उडवलेला धूर ती २०४० पर्यंत हप्त्याहप्त्याने फेडणार. मध्ये वणवा नाही लागला तर. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री डोंगराकडे बघा, लाल साप सरपटल्यासारखे वणवे दिसतात, नवीन गवत चांगलं येतं म्हणून लोकच लावतात. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २०२१ ला जो प्रचंड वणवा लागला त्यात ऑफसेट म्हणून विकलेलं जंगल पण जळालं. धूर हवेत शेकडो वर्षं राहतो आणि तारण ठेवलंय ते गवताच्या गंजीशेजारी.

हां, कॅल्क्युलेटरचं राहिलं. माझ्या वहीत एक टन आणि त्यांच्याकडे दोन, असं का? मी तीन वेगवेगळ्या साइटवर तीच ट्रिप टाकून बघितली, तीन उत्तरं आली, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्यात दुपटीहून जास्त फरक. यात कोणी खोटं बोलत नाहीये. लहानपणी आकाशात विमानामागे पांढरी रेघ दिसली की आम्ही "रॉकेट गेलं, रॉकेट गेलं" म्हणून ओरडत पळायचो, ती रेघ म्हणजे बर्फाच्या कणांचा ढग, आणि काही वेळा, विशेषतः रात्री, तो ढग खालची उष्णता अडवून ठेवतो गोधडीसारखी. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड वगैरे. म्हणून जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्के असला तरी तापमानवाढीतला एकूण वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरतात. काही कॅल्क्युलेटर ही गोधडी धरतात, काही धरत नाहीत. आता गंमत बघा, वाण्याच्या दुकानात तीन तराजूंनी तीन वजनं दाखवली तर आपण दुकान डोक्यावर घेऊ. इथे कोणी विचारत पण नाही.

विमान कंपन्यांची वेगळी सोय आहे. कॉर्सिया नावाची योजना, संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेने २०१६ ला ठरवलेली, तिच्यात कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं वाढीव उत्सर्जन ऑफसेट करायचं. वाढीव म्हणजे २०१९ च्या ८५ टक्क्यांच्या वरचं, खालचं माफ. भारत त्यात २०२७ पासून येणार. आणि जाहिरातींचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने केएलएम या डच विमान कंपनीच्या हिरव्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, झाडं लावायला पैसे द्या आणि आपल्या उड्डाणाचा परिणाम कमी करा छापाच्या. कुणी म्हणेल मग हिरवं इंधन आहे की, आणि त्यात आपलं पुणं पुढे आहे: मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान पुण्याच्या प्राज कंपनीने आणि इंडियन ऑइलने बनवलेलं जैवइंधन मिसळून उडालं होतं. आंतरराष्ट्रीय विमानांत २०२७ पर्यंत एक टक्का, २०३० पर्यंत पाच टक्के मिसळायचं लक्ष्य आहे. अभिमान आहे, पण मी पाणीवाली आहे. हे इथेनॉलवरून, म्हणजे उसावरून व्हायचं असेल तर विमानाच्या टाकीत आधी आमची विहीर ओतावी लागेल, यावर मी एक वेगळी पोस्ट लिहून शिव्या खाईन.

आता खरं काय खुपलं ते सांगते. साडेतीनशे रुपये गेले त्याचं काही नाही, आणि फसवलं असंही मी म्हणणार नाही, पीडीएफमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मीच वाचत नव्हते. खुपलं ते हे की त्या चौकोनामुळे मी २०१९ च्या पाच ट्रिपांपैकी एकीबद्दलही 'मला जायलाच पाहिजे का' हा प्रश्न विचारला नव्हता. टिक केली, विषय संपला. बँकॉकला मी दीड दिवसासाठी गेले होते. माझं प्रेझेंटेशन बारा मिनिटांचं होतं, त्यातली चार मिनिटं प्रोजेक्टर लागत नव्हता.

आणि मी एकटी नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूविज्ञानाची प्रचंड मोठी परिषद झाली, अठ्ठावीस हजार लोक, त्यांच्या प्रवासाचा हिशोब पुढे शास्त्रज्ञांनीच मांडला: सगळे मिळून साडेअठ्ठावीस कोटी किलोमीटर, सूर्यापर्यंत जाऊन जवळजवळ परत, आणि ८० हजार टन कार्बन डायऑक्साइड. माणशी तीन टन. हे तेच लोक, जे हवा तापतेय हे आपल्याला सांगतात.

पण थांबा, इथे मला दुसऱ्या बाजूने पण भांडायचंय. युरोपातले माझे सहकारी आता म्हणायला लागलेत की आम्ही विमान सोडलं, आम्ही मीटिंगला ट्रेनने येतो. छानच. पॅरिसहून जिनिव्हा ट्रेनने तीन-सव्वातीन तास. पुण्याहून कुठली ट्रेन पकडू मी? एकदा एका ऑनलाइन मीटिंगला हे असं कोणीतरी ज्ञान दिलं तेव्हा नैरोबीची एक बाई म्हणाली, माझ्या देशातून आम्ही दोघीच येतो, आम्ही पण स्क्रीनवर गेलो तर खोलीत कोण उरेल ते बघा जरा. सगळे गप्प. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. फ्लोराइडची मर्यादा किती धरायची यावर जे ठरतं ते अजेंड्यावर नाही ठरत, ते कॉफीच्या रांगेत ठरतं, आणि स्क्रीनवरच्या माणसाला कॉफीची रांग नसते. मी कोविडमध्ये दोन वर्षं स्क्रीनवर होते ना, अमेरिकेची मीटिंग म्हणजे संध्याकाळी साडेसहाला सुरू आणि रात्री अडीचला संपणार, हात वर करून बसलेय, मॉडरेटर खोलीतल्या लोकांना बोलायला देतोय, शेवटी "वेळ संपली, ऑनलाइनवाल्यांनी चॅटमध्ये लिहा". चॅट कोण वाचतं.

म्हणजे जायचं तर आहे, पण मग कसं? आमच्या ऑफिसात यावर दोन-तीन शनिवार भांडणं झाली. एक जण म्हणाला, चांगल्या दर्जाचं महागडं क्रेडिट घेऊ, तसेही असतात, बायोगॅसचे वगैरे. मी आता त्याला नाही म्हणत नाही, पण अट एकच, आप्पांचा प्रश्न विचारायचा: हा माळकरी आहे का? तुमच्या पैशाआधी तिथे काय होतं, पैसे आले नसते तर काय झालं असतं? सुधारित चुलींच्या प्रकल्पांना मी आधी डोळे झाकून हो म्हणाले असते, कारण चुलीच्या धुरात आजीचे डोळे गेलेले मी बघितलेत, पण त्यातही २०२४ च्या एका अभ्यासात निघालं की क्रेडिटं खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट दिली गेली होती. नवीन शेगडी दिली म्हणजे जुनी चूल विझली असं धरून चालतात. आमच्या गावात येऊन बघा म्हणावं, गॅस आहे, शेगडी आहे, आणि भाकरी चुलीवरच.

शेवटी आम्ही जे ठरवलं ते फार भारी नाहीये. प्रत्येक परदेशी प्रवासामागे टनाला पाच हजार रुपये आमच्याच बजेटमधून वेगळे काढायचे. अठ्ठावीसपट वगैरे महाग, मुद्दाम, म्हणजे तिकीट काढताना दुखलं पाहिजे. दोन टन धरायचे, गोधडीसकट. त्या पैशातून आमच्या एका तालुक्याच्या लॅबमधला डिझेल जनरेटर काढून सोलर आणि बॅटरी बसवली. याला आम्ही ऑफसेट म्हणत नाही आणि वार्षिक अहवालात 'कार्बन न्यूट्रल' असं लिहायचं नाही हे पण ठरलं. आता तो जनरेटर आम्ही तसाही काढला नसता का? खरं सांगायचं तर काढला असता, कदाचित दोन वर्षांनी. म्हणजे आम्ही पण थोडे माळकरीच.

पण दहा हजार रुपयांचा एक फायदा झाला की ट्रिपा कमी झाल्या. आता माझी वर्षाला एक, फार तर दीड (दीड म्हणजे दोन मीटिंगा एकाच प्रवासात, मध्ये चार दिवस जिनिव्हातल्या मैत्रिणीच्या सोफ्यावर, तिला पिठलं-भात करून घालायच्या बोलीवर). बारा मिनिटांच्या प्रेझेंटेशनसाठी कोणीही जात नाही, ते व्हिडिओ पाठवायचा. आणि जायचंच असेल तर जो आधी गेला नाहीये तो जाणार.

म्हणून या जूनचा तो फॉर्म मी भरला तो अर्धा माझ्यासाठी आणि अर्धा आमच्या लॅबमधल्या पोरीसाठी. जागा दोन होत्या. ती खोलीत बसणार, मी स्क्रीनवर, जिनिव्हाचे नऊ ते पाच म्हणजे आपले साडेबारा ते साडेआठ, तेवढं झेपतं. तिला सांगून ठेवलंय की प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात, कॉफीच्या रांगेत कोण काय म्हणालं ते रोज रात्री मला व्हॉइस नोटवर सांगायचं. ऑफसेटचा चौकोन रिकामा ठेवला तर फॉर्मने 'का नाही?' म्हणून एक छोटी खिडकी उघडली, दोनशे अक्षरांची. माळकरी इंग्रजीत कसा बसवायचा हे सुचेना, रिकामीच सोडली.

तिचा पासपोर्ट अजून यायचाय पण. काल पोलीस व्हेरिफिकेशनचा फोन आला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या मागितल्यात, आणि एक शेजारी आषाढीसाठी आत्तापासूनच गावाला जायची तयारी करतोय, त्याला गाठायला ती आज हाफ डे टाकून गेलीये.